भाला न पोचलेली नाणी

मामा गेल्यावर दीड महिन्याने मामीचा फोन आला. काम साधंच होतं. ती घर रिकामं करून मुलीकडे राहायला निघाली होती आणि मामाची नाणी संग्रहालयाला देऊन टाकायची होती. तिथल्या बाई सोमवारी न्यायला येणार होत्या. त्याआधी कुणीतरी ती पुसूनबिसून, वहीशी ताडून ठेवायला हवी होती.

"तुझ्याशिवाय त्यातलं कळतंय कुणाला?" मामी म्हणाली.

खरं म्हणजे मलाही फारसं कळत नाही. मी चष्म्याच्या दुकानात बसते, लोकांचे डोळे तपासते. पण बारीक वस्तू भिंगाखाली धरायची सवय आहे, आणि मामाचं नाण्यांचं वेड घरात ऐकून घेणारी मी एकटीच होते. शनिवारी दुपारी दुकान बंद करून गेले.

मामा दातांचा डॉक्टर. दवाखाना घरातच, पुढच्या खोलीत. पेशंट घेणं बंद करून सात वर्षं झाली होती, तरी ती खुर्ची, वरचा दिवा, हत्यारांचा ट्रे, सगळं जागच्या जागी होतं. दात कोरायच्या त्याच आकड्यांनी तो नाण्यांवरची माती कोरायचा. बाजारातून मातीच्या गोळ्यासारखी नाणी घ्यायची, आठवडेच्या आठवडे पाण्यात भिजत ठेवायची आणि मग एकेक कण काढत बसायचं. "हे पेशंट बरे," म्हणायचा, "ओरडत नाहीत."

त्यातही तो जमवायचा एकाच सम्राटाची नाणी. कॉन्स्टन्शियस दुसरा, उतरत्या काळातला रोमन सम्राट. ब्राँझची, करंगळीच्या नखाहून थोडी मोठी, त्या काळात ढिगांनी पाडलेली. या सम्राटाबद्दल लिहून ठेवलंय म्हणे, की मिरवणुकीत तो मान जराही वळवायचा नाही, नाकसुद्धा पुसायचा नाही. मामा यावर खूश. "असा पेशंट मिळायला भाग्य लागतं गं!"

नाण्याच्या एका बाजूला हा सम्राट. दुसऱ्या बाजूला एक सैनिक भाला रोखून उभा, त्याच्यापुढे घोडा कोसळलेला आणि घोड्यावरून पडता पडता मागे वळून हात वर केलेला एक माणूस. भोवती अक्षरं. त्यांचा अर्थ, सुखाचे दिवस परत आले. कुणाचे, ते चित्रावरून कळतंच.

बहुतेक नाण्यांवर भाला त्या माणसाच्या अंगात शिरलेला असतो. पण काहींवर, मामाच्या म्हणण्याप्रमाणे, ठसा कोरणाऱ्याचा हात आखडता पडलेला असतो. भाल्याचं टोक आणि माणसाची छाती यांच्यात केसभर जागा उरते. मामा फक्त तेवढीच नाणी ठेवायचा. बाकीची वाटून टाकायचा. "माझा एकही घोडेस्वार मेलेला नाही," हे तो अभिमानाने सांगायचा. बायकापोरांवर नसेल एवढी माया त्या पडलेल्या माणसावर, असं मामी चिडवायची.

मी गेले तेव्हा मामीने दार उघडलं, पण ती दवाखान्याच्या खोलीत आली नाही. उंबऱ्याशीच थांबली.

"सगळं कपाटात आहे. मी इकडे येत नाही हल्ली... तू बस. चहा टाकते."

कपाटात सहा ट्रे होते. पहिला काढला आणि दिव्याखाली धरला. प्रत्येक नाण्यावर गुलाबी मेणाचा ठिपका होता. कवळ्या बनवताना वापरतात ते मेण. सम्राटाची बाजू लख्ख स्वच्छ. मागच्या बाजूला घोडा स्वच्छ, पडलेला माणूस स्वच्छ. मेण होतं ते फक्त सैनिकावर. डोक्यापासून पायापर्यंत, हातातल्या भाल्यासकट, टोक तेवढं उघडं ठेवून नीट लिंपून टाकलेलं. सहाही ट्रे तसेच.

ब्राँझला हिरवा रोग लागतो, तो पसरू नये म्हणून मेणाचा हात देतात, हे मला ठाऊक होतं. पण तो सगळ्या नाण्याला देतात. असा एकट्याला वेचून नाही. काही असो, संग्रहालयाला हे चालणार नव्हतं. मी खिडकी उघडली, टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस घेतला आणि एकेक सैनिक मोकळा करायला लागले.

काम संथ होतं. मेण विरघळायचं, कापसावर गुलाबी डाग यायचा, खालून हिरवट काळा सैनिक वर यायचा. शिरस्त्राण, ढाल, पुढे टाकलेला पाय. खोलीत टर्पेंटाइनचा झणका आणि त्याखाली ओल्या तांब्याचा वास, तोंडात नाणं धरल्यावर येतो तसा. भिंतीतल्या पाइपातून अधूनमधून पाणी उतरायचं. मी तीन तास मान वर केली नाही. पाच ट्रे झाले, सहावाही झाला.

मामी दुसऱ्यांदा चहा घेऊन आली. पुन्हा उंबऱ्याशीच. मी उठून कप घेतला.

"किती जणांचं पुसलंस?"

"सगळ्यांचं."

ती खालीच बसली, दाराला टेकून.

"तुला एक विचारू? खरं सांगशील? ह्यांचं... डोकं फिरलं होतं का गं?"

"असं का म्हणतेस?"

"शेवटचे दोन महिने झोप नाही. दिवसभर भिंग आणि ती पट्टी. मोजत बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, तो पुढे सरकतोय. म्हटलं, कोण? तर पुन्हा भिंगाला डोळा लावला. मग ते मेण आणलं. मेण लावायला लागल्यावर जरा शांत झाले. आणि मग ते तसं..."

मामाला हार्ट अटॅक आला एवढंच मला माहीत होतं. मी बाहेरगावी होते, पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

"कसं?" मी विचारलं.

"तिथे." तिने खुर्चीच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. "खाली बसले होते. एक गुडघा मुडपलेला, कंबरेतून असे मागे वळलेले. आणि उजवा हात वर. सकाळी मी दूध घेऊन आले तर हात तसाच वर. डॉक्टर म्हणाले, होतं असं, अंग आखडतं. खाली घेताना दोघांना जोर लावावा लागला. इथे छातीवर एक निळा ठिपका होता, मसुराएवढा. डॉक्टर म्हणाले, पडताना ट्रेचा कोपरा लागला असेल."

माझ्या उजव्या हातात तेव्हा एक नाणं होतं. मी ते ट्रेमध्ये ठेवलं. त्याच्या मागचं चित्र बघायची गरज नव्हती.

"मी वही बघते," मी म्हणाले. "मग सांगते."

वही मामाच्या सुबक अक्षरात होती. प्रत्येक नाण्याला एक पान. कुठे पाडलं, वजन, कुणाकडून घेतलं. आणि खाली एक रकाना, अंतर. भाल्याच्या टोकापासून छातीपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. पहिल्या पानावर एकाखाली एक तारखा होत्या. एक पूर्णांक चार. दोन आठवड्यांनी एक पूर्णांक तीन. मग एक पूर्णांक एक. मग शून्य पूर्णांक नऊ. आणि त्यापुढे, मेण लावलं. मेण लावल्यानंतरच्या तारखांना आकडा बदललेला नव्हता. मी पानं उलटत गेले. सगळीकडे हीच उतरण, सगळीकडे मेणापाशी थांबलेली.

शेवटच्या पानावरच्या नाण्याला मेण लावल्याची नोंद नव्हती. सुरुवातीचा आकडा एक पूर्णांक सहा. शेवटचा शून्य पूर्णांक दोन. खाली एवढंच लिहिलं होतं, "मेण संपलं. हे एक राहिलं. उद्या दुकान उघडल्या उघडल्या आणतो."

तारीख मामा गेला त्याच्या आदल्या दिवसाची.

ते नाणं ट्रेमध्ये नव्हतं. भिंगाच्या स्टँडखाली, जिथे मामाने ठेवलं होतं तिथेच होतं. त्यावर धूळ बसली होती. फुंकून बघितलं. भाला छातीतून आरपार गेला होता. त्या माणसाच्या पाठीतून टोक बाहेर आलेलं स्वच्छ दिसत होतं.

नोंद चुकली असेल, मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्याच नाण्याचं पान असेल. वजन करून बघितलं, वहीतल्या वजनाशी बरोबर जुळलं.

मग मी पहिल्या ट्रेमधलं पहिलं नाणं घेतलं. मेणाखाली असताना शून्य पूर्णांक नऊ. माझ्या भिंगात मोजपट्टी कोरलेली आहे, रोज वापरते, हात बसलेला आहे. आकडा आला शून्य पूर्णांक आठ. एवढा फरक हाताने पडतो. कुणालाही विचारा, पडतो. दुसरं नाणं मी मोजायला घेतलं नाही.

मेणाची डबी शोधली. रिकामी होती.

मामी अजून दारातच बसली होती. माझ्याकडे वर बघत होती. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. चाळीस वर्षांचा संसार ज्याच्याशी केला तो माणूस शेवटी शहाणा होता की वेडा, एवढंच.

"डोकं नव्हतं फिरलं, मामी," मी म्हणाले. "डोळे गेले होते. मोतीबिंदू पिकला की बारीक मापं चुकतात. दर वेळी वेगळी येतात. माझ्याकडे रोज येतात असे लोक. मी आत्ता मोजून बघितलं, काही हललेलं नाही."

"खरं?"

"खरं."

ती तोंडावर पदर धरून रडली. बराच वेळ. मग उठली, पहिल्यांदा खोलीत आली आणि खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. "मला म्हणाले असते तर ऑपरेशन करून घेतलं असतं की," म्हणाली. "हट्टी होते मेले."

मामाला मोतीबिंदू नव्हता. दोन्ही डोळे मीच तपासले होते, गेल्याच वर्षी.

सोमवारी संग्रहालयाच्या बाई आल्या, सही करून ट्रे घेऊन गेल्या. नाणी फार छान स्वच्छ केलीत म्हणाल्या. मी त्यांना मेणाबद्दल काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? त्याच आठवड्यात मामी मुलीकडे गेली.

तीन महिन्यांनी मी तिला भेटायला गेले. मामेबहिणीचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मामीची तब्येत सुधारली होती, गालावर मांस आलं होतं. झोप लागते, म्हणाली. बहीण ऑफिसला गेली होती. आम्ही दोघीच खिडकीपाशी बसून गप्पा मारत होतो, दुपारचे तीन वाजले असतील.

बोलता बोलता मामी म्हणाली, "इथे एक बरं आहे. सोबत असते."

"शेजारी चांगले आहेत?"

"शेजारी नाही गं. घोडा."

मी खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता, उभ्या केलेल्या गाड्या, इस्त्रीचं दुकान.

"कुठाय?"

"आधी तिथे उभा असायचा, खांबाजवळ. शहाणं जनावर. पाठ मोकळी, लगाम लोंबतोय. कुणाची तरी वाट बघत असावा." ती अगदी सहज बोलत होती, पाऊस येईल असं वाटतं म्हणावं तसं. "हल्ली जिन्यात येतो. परवा दुसऱ्या मजल्यावर होता. लेकीला सांगितलं तर ती चिडते... तू नको सांगूस."

"नाही सांगत," मी म्हणाले.

निघताना तिने मला जवळ घेतलं. तिचे हात उबदार होते. दार लागल्यावर मी कडीचा आवाज येईपर्यंत थांबले, मग उतरायला लागले.

जिना रिकामा होता. चौथ्या मजल्याच्या वळणावर भिंतीत आग विझवायच्या नळीची पेटी आहे, तिला काचेचं दार. मी चार पायऱ्या वर असतानाच ते दिसलं. काचेवर श्वासाची वाफ धरली होती. दोन गोल, शेजारी शेजारी, मध्ये चार बोटांचं अंतर. खाली वळणावर उभी राहिले असते तर माझ्या डोक्याच्याही वर.

चष्मे फुंकून पुसताना काचेवरची वाफ मी दिवसभर बघते. ती कडेने विरायला लागते, हळूहळू आत सरकते आणि मधला ठिपका शेवटी जातो. ही तशीच विरत गेली. मी कठड्याला धरून बघत उभी होते. मधले ठिपके राईएवढे झाले.

आणि पुरते जायच्या आत काच पुन्हा धुरकट झाली.