शूटिंगमधलं पाखरू

निवृत्तीनंतर मी व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि इंदिरानगरातल्या समस्त बारशांना नकोसा झालो. २००३ च्या दिवाळीआधी मात्र एकानं आपणहून बोलावलं. मखमलाबादला फुलशेती करणारा माझा स्नेही सावळीराम दोन दिवसांपूर्वी गेला होता. मुलगा कुंदन मस्कतला; रजा मिळाली नव्हती. "काका, बाबांचं शेवटी काय झालं ते आई सांगेल. तेवढं टेपवर घ्या," तो फोनवर म्हणाला.

तिन्हीसांजेला पोचलो तर वीज गेलेली. म्हणून सावळीरामच्या बायकोला, साळूबाईंना, अंगणात बसवलं आणि कॅमेऱ्यावरचा दिवा लावला. शेवंतीच्या वाफ्यांतून ओला, कडवट वास येत होता. क्षणात चिलटं, तुडतुडे, पाखरं कोसळली. माझी तयारी जय्यत होती: हातापायांना मलम, पाटीत कडुनिंबाचा धूर, पिशवीत फवाऱ्याचा डबा. कचेरीच्या कामाला मी इतक्या तयारीनं कधी गेलो नव्हतो.

धुरानं बाकीची पांगली. एक मोठं राखाडी पाखरू मात्र हटेना. भिंगावर बसायचं; हाकललं की साळूबाईंच्या खांद्यावर. त्या बोलता बोलता थांबायच्या. मला वाटलं, घाबरल्या.

"भाऊसाहेब… असू द्या त्याला."

"अहो वहिनी, सारखं तोंडासमोर येतंय तुमच्या!" मी म्हणालो आणि फवारा सोडला.

ते त्यांच्या पदरात पडलं. थोडा वेळ नुसती फडफड ऐकू आली. मग तीही थांबली.

"सकाळी दिव्याखालच्या पिठात खूण उमटली होती…" साळूबाई हळूच म्हणाल्या. "पाखराची. एवढ्याच मोठ्या पाखराची."

गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला, ते त्या पिठात बघतात. माझ्या वडिलांच्या वेळी मीही वाकून बघितलं होतं, आणि सुशिक्षित असल्यामुळे हसलो होतो.

मी "माफ करा" असं काहीतरी पुटपुटलो. कॅमेरा चालूच होता; तेही टेपवर आलं.

"कुंदनला नका पाठवू हे," साळूबाई म्हणाल्या आणि पदर तसाच धरून आत गेल्या.

त्या दिवसापासून माझ्या घरात एक चिलटही येत नाही. शेजारी औषधाचं नाव विचारतात. मी सांगतो.

साळूबाई कधी बाजारात भेटतात. "आमच्या दिव्यावर नाय आलं पुन्हा… तुमच्याकडं येतं का हो?"

मी नाही म्हणतो. खरं सांगायची लाज वाटते. अंधार पडला की पाखरं फाटकापर्यंत येतात. शेकड्यांनी. तिथं हवेतच थांबतात… पंख न हलवता. मी सगळे दिवे विझवून पाहिले.

तरी जात नाहीत.