चाळीस कारखान्यांचा आराखडा

"मावशी, आराखडा गेला."

सकाळचे सव्वादहा वाजले होते. फोनवर भाचीचा आवाज इतका बारीक आला, की मावशीनं चहा अर्धाच ठेवला. भाची नगरपालिकेत नकाशे काढायची. मावशी एकोणतीस वर्षं टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झाली होती. चुकीच्या खणात गेलेली वस्तू शोधणं हा तिचा हातखंडा.

ती पोचली तेव्हा कपाट उघडं होतं आणि मधला खण रिकामा.

"काय काय होतं?"

"नकाशे आणि चाळीस कारखानदारांची संमतीपत्रं. नकाशे परत छापता येतील गं. सह्या कुठून आणू? सहा जण परगावी आहेत."

"शेवटचं कधी पाहिलंस?"

"काल चारला."

बंद पडलेल्या बस आगाराच्या शेडमध्ये सुतार, लोहार, सायकलवाले असे चाळीस जण पोट भरत होते. त्या जागेचं काय करायचं, हे आजवर राजधानी ठरवायची. आमच्या विकासाचे अधिकार आम्हाला द्या, म्हणून गावानं बारा वर्षं घसा कोरडा केला. यंदा दिले. अट एकच: गावाचा आराखडा नगरपालिकेच्या अध्यक्षांच्या सहीनिशी आज पाचपर्यंत तळमजल्यावरच्या नोंदणी कक्षात पोचला पाहिजे. नाहीतर राजधानीचा जुना बेत लागू होणार. शेड जमीनदोस्त, तिथे गोदामं.

"चाव्या किती?"

"दोन. एक माझी, एक अध्यक्षांची. त्यांनी मला निलंबनाचं पत्रसुद्धा दिलं. दोन मिनिटांत सही केली."

अध्यक्ष खुर्चीत ऐसपैस बसले होते. मागे भिंतीवर पितळी पाटी होती, 'विभागीय विकास मंडळ'. अधिकार गावाकडे आल्यावर ते मंडळ बरखास्त झालं, तेव्हा अध्यक्षांनी स्वतः स्क्रू काढून ती पाटी मिरवत आणली होती. आल्यागेल्याला ते ती दाखवत. दाखवण्यासारखं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

"तुमची चावी कुठंय?" मावशीनं विचारलं.

"ड्रॉवरमध्ये. हातसुद्धा लावलेला नाही."

"पोलिसांना कळवलंत?"

"पाचनंतर कळवू. उगाच गावाची अब्रू कशाला?"

"पाचनंतर गावाकडे राहणार काय?"

"मलाही वाईट वाटतंय हो," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी जांभई दिली.

बाहेर स्टुलावर शिपाई बसला होता.

"काल संध्याकाळी इथून काय काय बाहेर गेलं?"

"ताईंचा डबा, साहेबांची बॅग आणि रोजचं टपाल."

"टपाल किती?"

"दोन पिशव्या. एरवी एक असते."

मावशीनं जावक नोंदवही उघडली. कालच्या तारखेला नऊ पत्रं होती. नऊ पत्रं तिच्या पर्समध्येही मावली असती.

मग ती शेडमध्ये गेली. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या दारात तीस पाट्या टेकवून ठेवल्या होत्या. सगळ्यांवर एकच मजकूर: 'आमच्या शेड पाडणाऱ्या राजधानीचा निषेध'.

"मोर्चा कधी?"

"उद्या सकाळी. आराखडा गेला म्हटल्यावर दुसरं काय करणार, मावशी?"

तिनं एका अक्षरावर बोट घासलं. बोट कोरडंच राहिलं.

"हा रंग वाळायला किती वेळ लागतो?"

"तैलरंग आहे. दोन दिवस धरा."

पुढचं तिनं त्याच्या कानाशी विचारलं. उत्तर ऐकून ती तडक टपाल कार्यालयात गेली.

साडेचारला नगरपालिकेच्या सभागृहात कारखानदार जमले होते. अध्यक्ष सांत्वनाचं भाषण करत होते. ते ऐन रंगात आले असताना पोस्टमन आला आणि त्यानं एक जाडजूड पाकीट टेबलावर ठेवलं. त्यावर शिक्का होता: 'कार्यालय बंद. पाठवणाऱ्यास परत'.

भाचीनं ते फोडलं. नकाशे होते. संमतीपत्रंही होती, चाळीसच्या चाळीस.

"हे काल दुसऱ्या पिशवीतून गेलं," मावशी म्हणाली. "नोंदवहीत न लिहिता. पत्ता विभागीय विकास मंडळाचा. हिशेब असा, की पाकीट फिरत राहील आणि महिन्यानं परत येईल. पण बंद कार्यालयांची यादी टपालात लावलेली असते. तसलं टपाल गावाबाहेर जातच नाही. ते परतीच्या खणात पडून होतं. आज पोचवा एवढीच मी विनंती केली."

"कुणी पाठवलं?" लोहारानं विचारलं.

"आराखडा काल चारपर्यंत कपाटात होता. निषेधाच्या पाट्या परवा सकाळी सांगितल्या गेल्या. कपाट रिकामं व्हायच्या आधीच शेड पाडल्या जाणार, हे कुणाला ठाऊक होतं? पेंटर, पाट्या कुणी सांगितल्या?"

"अध्यक्षसाहेबांनी."

सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या.

"मी मार्गदर्शनासाठी पाठवला होता," अध्यक्ष म्हणाले.

"ज्याची पाटी तुम्ही स्वतः उचकटून आणलीत, त्या मंडळाचं मार्गदर्शन?" मावशीच्या आवाजात आता नुसती किळस होती. "चोर असतात तर पाकीट जाळलं असतं. तेवढीही हिंमत नाही तुमच्यात. जबाबदारी नको असलेला माणूस कागद जाळत नाही, पुढे पाठवतो. अर्ध्या नगरसेवकांना शेड हव्यात, अर्ध्यांना नकोत. सही केली तर कुणीतरी रुसणार. वरून निर्णय आला, की मोर्च्यात पुढे चालता येतं. स्वतःच्या सहीविरुद्ध मोर्चा कसा काढणार? म्हणून चाळीस घरांच्या चुली विझल्या तरी चाललं असतं, आणि या पोरीला चोर ठरवलंत. त्या पत्रावर सही करताना नाही लागलं कुणाचं मार्गदर्शन?"

अध्यक्षांनी घाम पुसला. घड्याळात पावणेपाच झाले होते.

भाचीनं आराखड्याचं शेवटचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. जमलेले सगळे कारखानदार टेबलाभोवती आले.

अध्यक्षांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं. "'वरिष्ठांच्या मान्यतेच्या अधीन राहून' असं खाली लिहिलं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

दिवसभर खाली मान घालून वावरलेली भाची पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"वर कोणी नाही, साहेब. तुम्हीच आहात."

बारा वर्षं अधिकार मागणाऱ्या माणसानं तेवढ्या एका सहीसाठी दोनदा पेन टेकवून उचललं. सही वेडीवाकडी आली, पण आली. भाचीनं पाकीट उचललं आणि ती जिना उतरली.

नोंदणी कक्षातल्या कारकुनानं वेळ लिहून घेतली: चार वाजून त्रेपन्न मिनिटं.