आडनाव न विचारणारी नदी

२००६ सालचा जून संपत आला होता. कलांग नदीच्या काठाने शुभदा आपल्याच तंद्रीत चालली होती, आणि कोणीतरी अख्खी बादली तिच्या डोक्यावर रिकामी केली.

"डोळे फुटले का?" ती चक्क मराठीत ओरडली.

बादलीवाला गोंधळला, मग हसला. "डोळे शाबूत आहेत. पण सिंगापुरात इतकं अस्सल मराठी ऐकायला मिळालं... भिजवल्याचं सार्थक झालं."

तो सुबोध. वुडलँड्सला त्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी मुलं फिलिपिन्समधल्या आपालित गावची. तिथे जूनअखेरीस गावाचा राखणदार संत पीटर, लाडाने आपुंग इरू, नावेत बसून नदीवर मिरवतो. काठावरचे पाणी उडवतात, नावेतले फळं नि पाव फेकतात, आणि भिजलं म्हणून कोणी रागवायचं नसतं. ज्यांना रजा मिळत नाही ते इथेच भाड्याच्या बोटीत छोटी मूर्ती ठेवून हौस भागवतात. कोण, कुठलं, असं इथे कोणी विचारत नाही, म्हणून मी येतो, सुबोध म्हणाला.

त्या मुलांनी शुभदाला आग्रहाने जेवायला बसवलं. परदेशात दोन मराठी माणसं भेटली की चहा गार व्हायच्या आत आडनाव निघतं. सुबोधने विचारलं नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिनेही विचारलं नाही. तिचं घर बौद्ध. पुण्यात एका मुलाच्या आईला आडनाव सांगितल्यावर तिचं हसू कसं आटलं होतं, ते शुभदा विसरली नव्हती. बोलण्यावरून सुबोध त्या मुलासारख्याच घरातला वाटत होता. पुन्हा विषाची परीक्षा कोण घेणार?

मग दर रविवारी तो वुडलँड्सहून पुंगोलला तिला भेटायला यायचा आणि म्हणायचा, "काही नाही, वाटेतच होतं." पुंगोल कुणाच्याही वाटेत नाही, हे ती जाणून होती. तरी ती आधीपासून स्टेशनवर उभी असायची.

पुढच्या जूनमध्ये दोघं बोटीत शेजारी बसले. त्याचा ओला हात तिच्या हाताला लागत होता, आणि दोघांपैकी कोणीही तो बाजूला घेत नव्हतं.

"शुभदा, तुझ्या घरी माझ्याबद्दल..."

घर म्हणजे आडनाव. तिने ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं. तो हसला, तोंड पुसलं, आणि तो विषय पुन्हा काढला नाही. डिसेंबरात त्याने सांगितलं, आईने मुलगी पाहिलीय. सांगून तो जरा थांबला होता. शुभदाने अभिनंदन केलं आणि घरी येऊन ढसाढसा रडली.

तिसऱ्या जूनमध्ये तो निरोप घ्यायलाच आला. बोट सुटायच्या आधी त्याचा फोन वाजला.

"जय भीम, आई. हो, तिकीट काढलंय..."

शुभदा जागच्या जागी थिजली. त्याने फोन ठेवला तशी तिने विचारलं, "सुबोध, तू... बौद्ध?"

"हो." त्याचा चेहरा सावध झाला. "का?"

"मी पण. ओव्हाळ."

तो बघतच राहिला. "मला वाटायचं, तू... शुभदा हे नाव, तुझं ते बोलणं. एका घरातून मी एकदा अपमान होऊन उठलोय. परत हिंमतच झाली नाही."

"बाबांना नाव आवडलं, म्हणून ठेवलं."

"आपण वेगळे असतो, तरी मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"आणि मी बोलू द्यायला हवं होतं."

पत्रिका वाटून झाल्या होत्या. तिकडे दीक्षा नावाची एक मुलगी त्याच्या भरवशावर नोकरी सोडून बसली होती. तिचा काय दोष?

मित्रांनी हाका मारल्या. सुबोध बोटीत चढला, शुभदा काठावरच राहिली. बोट समोर आली, पाव आणि केळी उडू लागली, आणि त्या गलक्यात तो एक संत्रं घेऊन उभा राहिला.

"शुभदा ओव्हाळ," त्याने सगळ्यांदेखत हाक मारली, "झेल."

ते नाव इतक्या मायेने उच्चारलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. संत्रं तिने झेललं. तिलाही त्याला तशीच पूर्ण नावाने हाक मारायची होती... पण त्याचं आडनाव तिने अजून विचारलंच नव्हतं, आणि बोट पुढे गेली होती.