बाबांना शेजारी बसवून

“ती गाडी माझ्या दारातून आधी हलव!”

सासऱ्यांचा आवाज कडाडला आणि स्टिअरिंगवरचे तिचे हात थिजले. तीन वर्षांनी ती या दाराशी आली होती. गाडी उघडी होती, दोनच माणसांची, बिनरंगाच्या ॲल्युमिनियमची, इतकी हलकी की चौघांनी उचलून बाजूला ठेवावी! तिच्या नवऱ्यानं ती याच घरामागच्या वर्कशॉपमध्ये बांधायला घेतली होती, आणि मग एके दिवशी अर्धा सांगाडा टेम्पोत टाकून, बायकोला घेऊन, तो गावाबाहेरच्या एका शेडमध्ये राहायला निघून गेला होता. का, ते त्यानं बापाला कधीच सांगितलं नाही. दोन वर्षांनी न्यूमोनियाचं निमित्त होऊन तो गेला, तेव्हा चाळीस वर्षं पत्रा ठोकून नाव कमावलेले हे मिस्त्री याच दारात, भर माणसांत, सुनेला म्हणाले होते, “माझं पोर तू तोडलंस. पुन्हा तोंड दाखवू नकोस.” आणि तिनं तो आरोप मुकाट्यानं पदरात घेतला होता...

“बाबा,” ती कशीबशी म्हणाली, “गाडी पुरी झाली की तुम्हाला शेजारी बसवून समुद्रापर्यंत न्यायची, एवढीच त्यांची शेवटची इच्छा होती. तीन दिवसांचा रस्ता आहे. नंतर मी कधीच येणार नाही.”

मिस्त्री पाठ फिरवून आत निघाले, तर सासूबाई दारात आडव्या उभ्या! “जन्मभर तुमचं ऐकलं, आज माझं ऐका. तिच्यासाठी नका जाऊ... माझ्या लेकरासाठी जा!” आणि त्यांनी नवऱ्याच्या गळ्याभोवती मफलर असा काही आवळला, की त्यांना पुढं बोलताच येईना.

पहिला दिवस मुका गेला. गाडी जमिनीला इतकी लगटून धावत होती की शेजारून जाणाऱ्या ट्रकची चाकं डोक्यापेक्षा उंच दिसत, आणि काच तर जेमतेम वीतभर, त्यामुळे वारा सरळ छातीवरच आदळे. शेडच्या चार भिंतींत पाच वर्षं काढलेल्या तिला वाटलं, एवढं मोठं आकाश या जगात होतं तरी कुठे? मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना सगळं धुरकटच दिसायचं.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. वळणावर वळणं घेत, पिसासारखी हलकी गाडी चढत गेली, चढत गेली... आणि एकाएकी ढगच खाली राहिले! तिच्या तोंडून नकळत “अगं आई!” निघून गेलं.

“काय दिसतंय?” मिस्त्रींनी विचारलं. तीन वर्षांतला त्यांचा पहिला साधा प्रश्न!

“ढग, बाबा... आपल्या पायांखाली! पिंजलेल्या कापसासारखे, थेट क्षितिजापर्यंत. मधूनच डोंगरांची टोकं वर आलीत. आणि वर काही नाही. नुसतं निळं!”

मिस्त्रींनी चेहरा उचलून उन्हात धरला.

माथ्यावर इंजिन निवायला थांबले, तेव्हा मिस्त्री गाडीला टेकून खाली बसले. सवयीनंच त्यांचा हात मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या आत गेला. बाहेरून घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर हातोडीचे घाव आतून तसेच राहतात. त्यांची बोटं सरकत राहिली... आणि मध्येच थबकली.

“हे कुणी ठोकलंय?”

“त्यांनीच...”

“खोटं! माझ्या पोराचा हात मी ओळखतो. हे घाव डाव्या हाताचे आहेत!” ते तिच्याकडे वळले. “माझ्या घरात डाव्या हातानं भाजी चिरणारी एकच होती. खरं सांग!”

पाच वर्षं उरात घातलेला बांध फुटला. “त्यांचे हात गेले होते, बाबा! नसा सुकत चालल्या होत्या. आधी हातोडी सुटायची, मग चमचासुद्धा... म्हणून त्यांनी तुमच्यासमोरून पळ काढला. म्हणाले, ‘माझे हात वाळलेले बाबांनी पाहिले तर ते त्याच दिवशी हातोडी खाली ठेवतील. त्यापेक्षा त्यांना माझा राग येऊ दे. रागावलेला बाप निदान जगेल तरी.’ मला शपथ घातली होती. ते सांगायचे, मी ठोकायची. आणि ते गेल्यावर उरलेलं... एकटीनंच.”

“आणि मी भर माणसांत तुला...” ते गुडघ्यांवर सरकत सरकत गाडीभोवती फिरले, नाकापासून शेपटीपर्यंत, तळहात पत्र्यावरून उचलतच नव्हते. आणि त्या दुधाळ डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “चाळीस वर्षं ठोकतोय मी... पण एवढ्या पातळ पत्र्याला असा बाक मला कधी साधला नाही! पोरी, हे हात... आण इकडे!” तिचे घट्टे पडलेले तळवे त्यांनी आपल्या कपाळाला लावले. “मला क्षमा कर गं... मी आंधळा आजचा नाही!”

“नका ना हो बाबा!” म्हणत ती त्यांच्या खांद्यावर कोसळली, आणि त्या निःशब्द शिखरावर ती दोघं, मेलेल्या मुलासाठी आणि मेलेल्या नवऱ्यासाठी, पहिल्यांदाच एकत्र रडली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी रस्ता संपला. समोर समुद्र होता. इतका अफाट, की तिनं इंजिनच बंद केलं. मिस्त्रींनी या वेळी काय दिसतंय ते विचारलं नाही. त्यांनी गळ्यातला मफलर सैल केला.

“शेवटी शेवटी तो दिवसभर काय करायचा गं?”

“बघत बसायचे. स्टुलावर, हातोडीच्या आवाजासाठी पत्र्याकडे कान करून. घाव बरोबर बसला की नुसत्या डोळ्यांनी हसायचे. चुकला की म्हणायचे, ‘बाबा इथे असते ना, तर दोघांनाही हाकलून दिलं असतं!’”

मिस्त्री खदखदून हसले.

“आणखी सांग.”

ती सांगत राहिली... तो काय गुणगुणायचा, कशावरून रुसायचा, झोपेत कोणती मापं पुटपुटायचा. समोर लाटांवर लाटा येत होत्या, आणि तिच्याकडे मान वळवून, एकही शब्द वाऱ्यावर जाऊ नये म्हणून कानाशी हात धरून, मिस्त्री ऐकत होते.