शिदोरीवरच्या सकाळी

२०७१ सालच्या हिवाळ्यात चिखलदऱ्यात असं धुकं उतरलं, की समोरच्या टेकडीवरचा टॉवर दिसेनासा व्हायचा, नेट जायचं, आणि मग नीळकंठराव जागे व्हायचे नाहीत.

म्हणजे डोळे उघडायचे. उठून पलंगाच्या काठावर बसायचे, हात मांडीवर ठेवून. पण त्या डोळ्यांत कोणी नसायचं. त्यांची बायको पुष्पलता शेजारी बसून "अहो" म्हणायची, आणि उत्तर यायचं नाही.

त्या काळी विस्मृतीच्या रोग्यांच्या डोक्यात ‘स्मरणी’ बसवत. नखाएवढी चकती. झोपेत आजारी मेंदूतलं सारं पुसलं जाई. आठवणी मात्र अमरावतीच्या केंद्रात सुखरूप असत. सकाळी घरातल्या खोक्यामार्फत स्मरणी केंद्राशी जोडली जाई, आठवणी उतरवून घेई, आणि मगच माणूस सुरू होई. पुष्पलतेच्या लहानपणी बाबांच्या बँकेतले कॉम्प्युटर असेच होते. नेट नसलं की पडद्यावर चक्र फिरत राही आणि सगळे चहाला जात.

"मी कुणाला सोडून चहाला जाऊ?" तिनं डॉक्टर नाझनीनला विचारलं. स्मरणी बसवणारी हीच.

"न थांबण्याची सोय आहे, काकू. नेट नसलं तर स्मरणी शिदोरीवर चालू होईल."

"शिदोरी?"

"बसवताना डोक्यात ठेवलेली थोडी आठवण. ती एकदाच भरता येते. काकांची सहा वर्षांपूर्वीची आहे. नेट आलं की खरी आठवण येऊन बसेल, आणि शिदोरीवर घालवलेली सकाळ पुसली जाईल."

"बोलतील ना?"

"बोलतील. पण सहा वर्षांपूर्वी चारू होती, काकू."

चारू त्यांची एकुलती मुलगी. स्मरणी बसवल्यानंतरच्या वर्षी परतवाड्याच्या घाटात तिची गाडी दरीत कोसळली.

"तरी नको थांबायला," पुष्पलता म्हणाली.

पहिल्याच धुक्याच्या सकाळी नीळकंठराव तरतरीत उठले. जन्मभर कॉफी भाजण्यात गेलेला माणूस. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बिया दळल्या, तीन कप मांडले.

"चारू उठली नाही अजून?"

पुष्पलतेनं खरं सांगितलं. ते ओट्याला धरून खाली बसले. चारू गेली त्या दिवसासारखे रडले. दुपारी धुकं निवळलं, नेट आलं आणि ते शांतपणे म्हणाले, "डोळे का गं चुरचुरतायत माझे?"

पुढच्या वेळी तिनं सांगितलं, "अमरावतीला गेलीय. संध्याकाळी येईल."

"बिनसाखरेची पिते वेडी," ते म्हणाले, आणि तिसऱ्या कपावर बशी झाकली. मग चारूच्या लग्नावरून दोघं भांडले. कितीतरी दिवसांनी घरात भांडणाचा आवाज झाला.

एप्रिलमध्ये एका सकाळी नाझनीन घरी आली. बाहेर लख्ख ऊन होतं.

"काकू, तुमचंच नेट रोज सकाळी कसं जातं?"

"धुकं असतं गं."

"एप्रिलात?" नाझनीननं खोक्याकडे पाहिलं. त्याचं बटण बंद होतं. "या सकाळी काकांच्या आठवणीत उरत नाहीत. तुम्ही एवढ्या हसता, भांडता, त्यातलं त्यांना काहीच राहत नाही."

"मला राहतं ना."

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण आलंय? चारू का?"

नाझनीन घुटमळली. मग म्हणाली, "नाही काका, तिची मैत्रीण. ती संध्याकाळी येतेय."

पुढल्या वर्षी नीळकंठराव गेले ते अशाच एका सकाळी, तिसऱ्या कपावर बशी झाकून. नाझनीननं पुढे स्मरणीचं काम सोडलं. आता ती परतवाड्यात डोळे तपासते.

शेवटची स्मरणी तिनं बसवली ती पुष्पलतेला. चार वर्षांनी तोच आजार तिच्याकडे आला होता.

"यांची शिदोरी माझ्या डोक्यात नाही भरता येणार?"

"नाही काकू. ती ज्याच्या त्याच्या डोक्यातूनच भरते. तुमची आजची असेल."

"म्हणजे तिच्यात दोघंही गेलेलेच."

नाझनीननं चकती पुसून हातात घेतली.

"मग मला थांबवूनच ठेव," पुष्पलता म्हणाली. "नेट येईपर्यंत काही नको."

अजून ती त्याच घरात असते. निजताना खोक्याचं बटण स्वतःच्या हातानं बंद करते. सकाळी पलंगाच्या काठावर बसते, हात मांडीवर ठेवून, डोळे उघडे. शेजारची सुगंधा दूध घेऊन येते आणि बटण लावते. पुष्पलतेनं तिला बजावून ठेवलंय, उशिरा ये. जमेल तितक्या उशिरा.