ॲशबी साहेबाचं पान

संयोगिताबाई पोवार देवापेक्षा कागदाला जास्त मानत. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एकट्याच राहत आणि लोकांचे जुने मोडी कागद वाचून देत. कुणाला दाखल्यासाठी पणजोबा हवा असे, कुणाला भावकीच्या भांडणासाठी. बाई कागद नाकाशी धरत आणि सांगत, "हे तुमचे पणजोबा न्हवेत. पणजोबांच्या भावाचे व्याही हायेत." पणजोबा शोधायला आलेला माणूस भावाचा व्याही घेऊन घरी जाई. त्याचं तोंड पडलं म्हणून बाईंनी एक अक्षर कधी गोड करून वाचलं नाही.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात त्यांच्याकडे हेलन ॲशबी आली. ऑस्ट्रेलियाची, वय चौऱ्याहत्तर, उजवा हात प्लास्टरमध्ये. कोल्हापुरात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ती लॉजच्या पायरीवरून घसरली होती.

"इतक्या लांबून येऊन पहिलं काम काय केलंस, तर हात मोडून घेतलास," बाईंनी तिला इंग्रजीत सुनावलं आणि पुढ्यात शिरा ठेवला. हेलननं डाव्या हातानं दोनदा मागून घेतला. दोघींचं जमलं.

हेलनला फार काही नको होतं. तिच्या पणजोबांचे वडील टॉमस ॲशबी १८४५च्या सुमारास गगनबावड्याच्या वर कॉफी लावायला आले. बंगला बांधला, संसार मांडला. पाच मुलं झाली. तीन बंगल्यामागं पुरली. त्यांच्या दगडांचे फोटो हेलनच्या फाईलमध्ये होते. चौथा मुलगा म्हणजे हेलनचे पणजोबा. पाचवी एडिथ. तिचा दगडही नव्हता आणि कागदही.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात कोल्हापुरातली पलटण उठली. बातमी बंगल्यावर पोहोचली त्याच सकाळी सगळे घाईनं घाट उतरून कोकणात गेले. मेणे दोन होते. आईला वाटलं पोर बापाच्या मेण्यात आहे, बापाला वाटलं आईच्या. खाली पोहोचल्यावर दोन्ही मेण्यांचे पडदे उघडले तेव्हा कळलं.

"मग परत कोण गेलं?" बाईंनी विचारलं.

"कोणीच नाही. घाट बंद झाला होता म्हणतात." हेलन फाईलकडे बघत बोलत होती. "आमच्या घरात तिचं नाव घेत नसत. आजीनं जाताना मला एकटीला सांगितलं. आता घराण्यात मीच उरलेय. त्या मुलीचं पुढं काय झालं एवढंच मला हवंय. मी गेले की विचारणारंही कोणी नाही."

बाईंनी तीन आठवडे दप्तरं उपसली. एडिथ कुठंच नव्हती. मग अगदीच नाइलाज झाला तेव्हा त्यांनी गुंडू हेळव्याला फोन लावला.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा. सुगी झाली की तो गावोगाव फिरतो, दारात बसतो, चोपडी उघडतो आणि मूळ पुरुषापासून एकेक नाव म्हणतो. घरचं माणूस प्रत्येक नावाला उजव्या हातानं मूठभर धान्य त्याच्या सुपात टाकतं. पोवारांच्या दारीही गुंडू दर साल येई. बाई धान्य घालत, चहा पाजत, पण त्याच्या चोपडीला कागद म्हणायला तयार नसत.

"ॲशबी सायबाचं पान? हाय की," गुंडू म्हणाला. शेजारच्याचा पत्ता सांगावा तसा. "मडमेनं आमच्या खापरपणज्याच्या बापाच्या सुपात गहू घातला नि पान उघडलं. परवा तिकडंच जाणार हाय बघा. या बंगल्यावर."

"आरं, माणसं जाऊन दीडशे वर्षं झाली. वाचतोस कुणापुढं?"

"या की अक्का," गुंडू म्हणाला.

बाईंनी आपली छोटी गाडी स्वतः चालवत हेलनला गगनबावड्यापर्यंत नेलं. शेवटचा अर्धा मैल पायवाट होती. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन स्वच्छ होतं. बंगल्याचं छप्पर केव्हाच गेलेलं. जांभ्याच्या चार भिंती आणि त्यांच्यात शिरलेली रानटी कॉफीची झुडपं तेवढी उरली होती. दाराला चौकट नव्हती, काळ्या दगडाचा उंबरा मात्र जागच्या जागी होता. उंबऱ्याच्या आत गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. मधोमध दोन लहान पावलं मावतील एवढ्याच जागेत ते सपाट दबलेलं होतं. ससा बसत असेल, असं बाईंनी ठरवलं.

गुंडू मोटरसायकलवरून आला. मागं सूप बांधलेलं. बैलावरून फिरणारा त्याचा आजा आता चोपडीतच राहिला होता. तो दाराकडे तोंड करून बसला.

"आदी मला बघू दे," म्हणून बाईंनी चोपडी घेतली.

पानं मोडीत होती. टॉमस, त्याची बायको, मेलेली तीन मुलं, घाट उतरून गेलेला मुलगा. मग एक ओळ: एडिथ, वय सात, उंबऱ्यात हजर. साल १८५८.

खाली १८५९. एडिथ, वय सात, उंबऱ्यात हजर.

बाईंनी पान उलटलं. बोरूचं अक्षर संपून टाकाचं सुरू झालं. मोडी संपून बाळबोध आलं. शाई काळ्याची निळी झाली, पुढं बॉलपेन आलं. लिहिणारे हात पाचदा बदलले. ओळ तीच राहिली. शेवटची मागच्या जानेवारीतली होती, गुंडूच्या हातची.

"ही काय चेष्टा लावलीयस?"

"चेष्टा कशाची? ऐकून नाव लिवायचं न्हाय, हा आमच्या घरचा नेम हाय. उंबऱ्यात हुभं दिसंल तेच लिवायचं."

"दर साली सात?"

"जिला कोण न्यायलाच आलं न्हाय, ती वाढंल कशी, अक्का?"

हेलन काय लिहिलंय ते विचारत होती. बाईंनी जसंच्या तसं सांगितलं. बॉलपेनपर्यंत.

हेलन उंबऱ्याकडे वळली. मग तिनं विचारलं, "आता आहे?"

गुंडूला इंग्रजी येत नव्हतं. तरी त्यानं दबलेल्या गवताकडे पाहून मान हलवली आणि नावं म्हणायला सुरुवात केली.

टॉमसच्या नावाला हेलननं बरोबर आणलेल्या जोंधळ्याच्या पिशवीत डावा हात घातला.

"डावा न्हाय चालत," गुंडू म्हणाला.

उजवा तर प्लास्टरमध्ये. हेलन गोंधळून बघत राहिली. पाव्हणी एवढ्या लांबून येऊन रिकाम्या हातानं उभी राहावी, हे कोल्हापूरच्या बाईला बघवणारं नव्हतं. संयोगिताबाईंनी पदर खोचला. "मी घालते तुझ्या वतीनं," त्या म्हणाल्या आणि मूठ भरली.

टॉमस. बायको. तीन मुलं. पणजोबा. दर नावाला बाईंची मूठ सुपात रिती होत होती. गुंडू अडवत नव्हता. गेलेल्यांना कुणाचाही हात चालतो.

"एडिथ," गुंडू म्हणाला.

हेलननंही ते नाव मोठ्यानं घेतलं. घराण्यात पहिल्यांदा.

बाईंची मूठ सुटत होती तेवढ्यात गुंडूनं सुपावर हात आडवा धरला. "थांबा अक्का! हितं ज्याचा हात, त्याच्याच घरी—"

त्याच्या बोटांमधून जोंधळा सुपात पडला.

उंबऱ्यातलं दबलेलं गवत हळूहळू, एकेक पातं करत, उभं राहिलं.

"पडलं ते पडलं," गुंडू पुटपुटला. त्यानं चोपडी मिटली. त्या साली त्यानं काही लिहिलं नाही.

हेलन रडली, हसली आणि परतीच्या वाटेवर गाडीत शांत झोपली. ऑस्ट्रेलियात घरी पोहोचल्यावर तिनं ईमेल लिहिली, की आता रात्री तिला झोप लागते. बाईंनी फाईलवर "मृत्यूची नोंद नाही" असं लिहून ती कपाटात ठेवली. गवत उन्हानं उभं राहतं, हे त्यांनी स्वतःला दोनतीनदा सांगितलं. वर्ष गेलं.

यंदाच्या जानेवारीत गुंडू नेहमीसारखा मंगळवार पेठेत आला. दुपारची वेळ, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. बाई उंबऱ्याच्या आत पाटावर बसल्या. गुंडूनं पोवारांची नावं म्हटली, बाईंनी मुठी घातल्या. शेवटी नवऱ्याचं नाव झालं, बाईंचं झालं. इथं तो दर साली चोपडी मिटायचा आणि चहा मागायचा.

यंदा त्यानं मिटली नाही.

"बंगल्यावर गेलतो परवा," तो म्हणाला. "उंबरा मोकळा हाय."

बाईंनी सूप थोडं पुढं सरकवलं.

"म्हटलं, हिकडं बघावं."

गुंडूनं मान वर केली आणि बाईंच्या खांद्याच्या जरा खाली, पाटाच्या कडेला पाहिलं. नीट, वेळ घेऊन. मग बॉलपेन काढून त्यानं पोवारांच्या पानावर, बाईंच्या नावाखाली एक ओळ लिहिली. बाईंनी ती उलटीच वाचली.

एडिथ. वय आठ. उंबऱ्यात हजर.

संयोगिताबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्षर तेच होतं.

मग त्या पाटावर थोड्या डावीकडे सरकल्या, एक लहान मूल बसेल एवढ्या. कुठल्या बाजूला जागा करायची, ते गुंडूनं सांगितलं नव्हतं.