पळणाऱ्या मुलाची चौकशी

त्या काळी सेलूत माणूस पळाला तर त्याला तीनच कारणं असायची. गाडी सुटायला आली असेल, कापसाला आग लागली असेल, नाहीतर कुणीतरी गेलं असेल. चौथं कारण गावाला माहीत नव्हतं.

म्हणून पंच्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात एका सकाळी, महानंदा दारात रांगोळी काढत असताना तिच्यासमोरून एक उंचापुरा माणूस अर्ध्या चड्डीत धाडधाड पळत गेला, तेव्हा तिची आई चन्नबसम्मा उंबऱ्यातूनच ओरडली, "अगं नंदे, कोण गेलं बग की! इचार जाऊन!"

महानंदा तशीच उठली आणि पळाली. मुठीत रांगोळी, पायात आईच्या मोठ्या चपला. बाजार समितीपुढं कापसाच्या गाड्या रात्रीपासून नंबर लावून उभ्या होत्या. घोंगड्यातले गाडीवान उठून बसले आणि आधी तो, मागं ही, असं बघतच राहिले. रेल्वे फाटकापाशी तो परत फिरायला थांबला, आणि ही धापा टाकत समोर उभी राहिली.

"कोण... कोण गेलं?"

"कुठं?"

"मेलं कोण? तुमी पळायलाव म्हणून..."

त्याला आधी कळेना. कळलं तेव्हा तो इतका मोकळा हसला की फाटकवाला केबिनमधून डोकावला.

"कुणीबी न्हाई मेलं. मी रोजच पळतो. या रस्त्यानं आज पहिल्यांदा आलो, एवढंच."

"रोज? कामून?"

"तुमी कामून पळालात?"

"तुमी पळालात म्हणून!"

"मंग झालं की. दोघांत एकाचं तरी कारण पक्कं हाय."

ती रागानं वळली, आणि बघते तर काय — घरापासून फाटकापर्यंत रस्त्यावर बारीक पांढरी रेघ! मूठ गळत आली होती. त्या दिवशी अर्ध्या सेलूला न विचारता कळलं, की गुरुपादअप्पांची लेक सकाळी कुठून कुठपर्यंत पळाली.

गंमत म्हणजे महानंदा त्याला वर्षभर ओळखत होती. मन्मथ उदगिरे — मूळचा झरीचा, परभणीच्या एका दैनिकाचा सेलूतला वार्ताहर. ती ज्या वाचनालयात मदतनीस होती, तिथं तो रोज नऊ वाजता यायचा, खांद्याला पिशवी, शर्टाच्या खिशात दोन पेनं. पण नेहमीचा माणूस अर्ध्या चड्डीत समोर आला की ओळख पटत नाही, हे तिला त्या सकाळी समजलं.

आठच दिवसांनी पूर्णेहून वीरभद्रकाकांचं पत्र आलं. काका रेल्वेत, त्यामुळे पत्रसुद्धा वेळापत्रकासारखं. "चि. सरोजासाठी तीन स्थळे पाहत आहोत. पैकी एक तुमच्या गावी आहे, श्री. मन्मथ उदगिरे, पत्रकार. मुलाला व त्याच्या घरी अद्याप कळू दिलेले नाही. खाण्यापिण्याच्या आवडीनिवडी, स्वभाव, व्यसन, राजकारणात कोणत्या विचाराचा, याची गुपचूप चौकशी करून कळवावे. तसेच तो रोज पहाटे पळतो असे ऐकतो. फेफरे वगैरे काही आहे काय, तेही पाहावे."

गुरुपादअप्पांचं कापडाचं दुकान, आणि लग्नसराई ऐन भरात. त्यांनी पत्र सरळ लेकीच्या हातात दिलं.

"तूच बग. त्यो तुज्या वाचनालयात रोज येतो, कुणाला संशय बी यायचा न्हाई. समदं खरं लिव्ह, आन् धाडायच्या आधी मला दाखव. सरोजाच्या जिंदगीचा सवाल हाय."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मन्मथ उर्दू पेपर उघडून बसला होता. आजोबा निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यांनी नातवाला ती लिपी शिकवून ठेवली होती. महानंदानं टेबलावरची धूळ दोनदा पुसली. तिसऱ्यांदा पुसताना म्हणाली, "तुमाला... गोड आवडतं का तिखट?"

पेपर खाली आला. "वाचनालयाचा नवीन नियम हाय का?"

"न्हाई. असंच."

"असंच असंल तर तिखट. जवसाची चटणी लय आवडती. आन् वांगं आवडत न्हाई. पण हे कुणाला बोलू नका, जिल्हा सोडावा लागंल."

"सिगारेट?"

"न्हाई." तो थांबला. तिच्याकडं नीट बघितलं, आणि ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पत्रकारच तो! सिगारेट आणि जवसाची चटणी एका दमात कोण विचारतं, हे त्याला कळायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"आज काय इचारणार?" असं तोच आता म्हणू लागला. महानंदा विचारायची आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर टिपून ठेवायची. चहा बिनदुधाचा लागतो. रेडिओवर कव्वाली लागली की काम सोडून ऐकतो. राग आला तर बोलत नाही, लिहून काढतो आणि फाडतो. फेफरं नाही. पण तिच्या लक्षात भलतंच काही राहत होतं. बाकी लोक पेपर वाचून भिरकावून जायचे. हा एकटा घडीवर घडी घालून पेपर अडकवायच्या काठीला होता तसा लावून जायचा. पावणेनऊपासून तिचं लक्ष दाराकडं लागायचं. हे कशात लिहायचं? काकांनी हे विचारलंच नव्हतं...

एका सकाळी तिच्या टेबलावर कागदाची पुडी होती. आत हुरडा, कोवळा, अजून कोमट.

"झरीच्या रानातला हाय, भल्या पहाटे गाडीवर आणला," तो म्हणाला. "चौकशीत लिव्हा — मुलगा हुरडा खाऊ घालतो."

तिच्या हातातली पेपरची काठी खाली पडली. "तुमाला... म्हायती हाय?"

"पयल्याच दिवशी कळलं. दुसरीकडं बापाचे दोस्त चौकशी करत्यात, मागं मागं. इथं मुलगी स्वतः समोर बसून इचारायली. मला लय आवडलं ते. म्हणून खरं खरं सांगायलो."

तिनं त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की ही चौकशी माझ्यासाठी नाही. नाही सांगितलं. का नाही, ते तिला विचारू नका. तिनं हुरडा तोंडात टाकला आणि मान खाली घालून फार हळू चावला.

शेवटी राहिलं राजकारण.

"तुमी कोणत्या पक्षाचे?" तिनं विचारलं.

तो हसला नाही. पेपर मिटून समोर बसला. "पक्षाचा न्हाई. पण हे पयल्या ओळीत लिव्हा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायलाच पायजे, असं माझं मत हाय. छापून येईल तिथं लिव्हतो, न येईल तिथं बोलतो. दोन स्थळं त्याच्यावरून मोडली. तुमच्या घरी आधीच कळलेलं बरं."

महानंदानं रजिस्टर मिटलं. नामांतराच्या दंगलीला सात वर्षं झाली होती, पण त्या एका नावावरून अजून सेलूत जुने मित्र एकमेकांच्या दुकानाची पायरी चढत नव्हते.

"आन् पळता कामून?" तिनं हळूच विचारलं. "आजवर तीनदा इचारलं. एकदा म्हणालात पोट सुटू नये म्हणून, एकदा म्हणालात कुत्र्याला भिऊन..."

"ते याच्यातलंच हाय," तो म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर साली मी झरीला घरी होतो. लिंबाजी माझा शाळेतला दोस्त, आठ किलोमीटरवर त्याची वस्ती. दुपारी कानावर आलं, की नामांतराच्या रागात माणसं तिकडं निघालीत. म्हणलं, आधी जाऊन सांगावं. सायकल न्हाई, एसटी बंद. पळत निघालो. अर्ध्या वाटंत पोटात कळ आली, दम संपला, बांधावर बसलो. पंधरा मिनिटं. फक्त पंधरा मिनिटं बसलो... पोचलो तवा घरं पेटली होती. माणसं तेवढी वाचली, शेतात पळाली म्हणून."

बाहेर कापसाची गाडी खडखडत गेली.

"लिंबाजी कधी एका शब्दानं बोलला न्हाई. आजबी त्याच्या घरी रविवारी जेवतो मी; जवसाची चटणी त्याच्या आईच्याच हातची, सरजाबाईच्या. पण दुसऱ्या सालापासून पळायला लागलो. आता आठ किलोमीटर न थांबता जातो. आता त्याचा उपयोग न्हाई कुणाला. तरी पळतो."

महानंदाचे डोळे भरून आले. एवढं खरं आपल्यासमोर कुणी ठेवावं आणि आपण खोटं बोलत राहावं, हे तिला सोसेना.

"ऐका," ती म्हणाली. "ही चौकशी... माझ्यासाठी न्हाई. माझ्या चुलत बहिणीसाठी हाय. पूर्णेच्या सरोजासाठी."

मन्मथ अगदी सावकाश म्हणाला, "म्हंजे हुरडा, चटणी, लिंबाजी... हे समदं मी सरोजाबाईंना सांगायलो होतो?"

तो उठला. जाताना पेपर टेबलावर तसाच वेडावाकडा पडून राहिला.

तीन दिवस तो वाचनालयात आला नाही. त्या सकाळपासून तो रोज तिच्या दारावरून पळायचा, तिथंही दिसला नाही. चन्नबसम्मा म्हणाली, "त्यो पळणारा आजारी हाय का काय?" आणि महानंदाला रडू कोसळलं. आईनं पुढं काही विचारलं नाही; आयांना असं एकदा बघितलं की पुरतं.

पत्र तर लिहायचंच होतं. आणि कसंही लिहिलं तरी तो हातचा जाणार होता. नामांतराचं मत आणि रविवारचं जेवण लपवून ठेवलं, तर काका खूश होतील आणि मन्मथ सरोजाचा नवरा होईल. खरं लिहिलं, तर काका नको म्हणतील. आणि जे स्थळ पुतणीला चालत नाही ते आपल्या लेकीला कुठला बाप करील? शिवाय पत्र आधी अप्पांच्या हातात जाणार. तिनं दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी एका बैठकीत पत्र लिहून काढलं. काही गाळलं नाही. शेवटी दोन ओळी अशा लिहिल्या, की त्या लिहिताना तिची कानशिलं तापली. मग ते चार कागद तिनं अप्पांच्या गादीवर ठेवले आणि दाराआड उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ती एसटी स्टँडवर गेली. परभणी गाडीच्या कंडक्टरकडं बातम्यांचं पाकीट द्यायला मन्मथ रोज यायचा. आज पाकीट देऊन वळला तर समोर महानंदा.

"तुमी?"

"हे वाचा," तिनं उघडा लिफाफा पुढं केला. "तुमच्याबद्दल लिव्हलंय. चुकलं असंल तर आत्ताच सांगा."

तो गाडीच्या सावलीत उभा राहून वाचू लागला. जवस, कव्वाली, बिनदुधाचा चहा. नामांतराचं मत — पहिल्या ओळीत, सांगितल्याप्रमाणे. पळण्याचं कारण, पंधरा मिनिटांसकट. मग शेवटचं पान आलं आणि त्याचे डोळे तिथंच थांबले.

"चौकशी करणारीचे मत आपण विचारलेले नाही, तरी लिहिते. सरोजाताईसाठी बाकीची दोन स्थळे पाहावीत. हा मुलगा मला हवा आहे."

गाडी सुटली, धूळ उडाली. दोघांनीही डोळे पुसले नाहीत. धुळीनं पाणी आलं म्हणायची सोय होती.

"अप्पांनी वाचलं?" त्यानं कसंबसं विचारलं.

"वाचलं. दोनदा."

"मंग?"

"अप्पा म्हणाले, दंगलीच्या त्या दिवशी मी दुकानाच्या फळ्या लावून आत बसलो होतो. भर बाजारात, धडधाकट माणूस. म्हणाले, ज्याला पोचायला उशीर झाला त्याला मी काय नावं ठेवू? मी तर निघालोच न्हवतो..." तिनं पदर ओठाशी धरला. "रविवारी घरी बोलावलंय तुमाला. मी सांगितलं, रविवारी ते लिंबाजीकडं जेवत्यात. तर म्हणाले, मग लिंबाजीलाबी घेऊन ये म्हणाव."

रोज पन्नास ओळी लिहिणाऱ्या मन्मथनं खिशातलं पेन काढलं, पिशवीवर कागद ठेवला आणि तिच्या दोन ओळींच्या खाली काहीतरी लिहिलं.

"बगू," ती म्हणाली.

"वरील सर्व मजकूर खरा आहे," त्यानं वाचून दाखवलं. "मुलाचीही हीच इच्छा आहे. आपला, मन्मथ उदगिरे."

"असं कुणी आपल्याच चौकशीवर सही करतं का?" ती हसली, आणि हसता हसता तिला आवरेना.

"फेफरं न्हाई, हेबी लिव्हायचं राहिलंय का?"

"ते लिव्हलंय मी. दुसऱ्या पानावर."

त्यांनी लिफाफा चिकटवला आणि चालत चालत पोस्टापर्यंत गेले, बाजारातून, सगळ्यांच्या देखत. दोघांच्या अक्षरातलं ते पत्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या टपालानं पूर्णेला पोचलं.